घरातही बोलायचं नाही: पुण्यातल्या एका आयटी कंपनीचे नाराज भागधारक

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून स्वतंत्र व्यवसाय करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री साडेनऊला, फोनवर. तोवर ते निम्मं बिघडलेलं होतं. त्यानंतरचं मी स्वतः पाहिलं. आधीचं संबंधितांकडून ऐकलं आणि कागदांवरून ताडून घेतलं. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून व्यवसायाचे तपशील आणि काही घटनांच्या वेळा बदलल्या आहेत. माणसांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

कंपनी पुण्याचीच. नव्वदच्या दशकात कर्वे रस्त्याजवळच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर सुरू झालेली, पुढे हिंजवडीत स्वतःच्या इमारतीत गेलेली. परदेशातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअर सांभाळायची आणि हळूहळू नव्यावर न्यायची, असं काम. झगमगाट नाही, पण पैसा नियमित. शेअर बाजारात नोंदणी होऊन बरीच वर्षं झाली होती. निम्म्याहून थोडे अधिक शेअर प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, कुटुंबाकडे, काही म्युच्युअल फंडांकडे, उरलेले किरकोळ गुंतवणूकदारांकडे. त्यात पुण्याचे लोक पुष्कळ. कुणी ‘आपल्या गावची कंपनी’ म्हणून घेतलेले, कुणाला नोकरीत असताना ईसॉपमधून, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेतून, मिळालेले.

नाराज गट पाच जणांचा. कोथरूडचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणत. अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापक बाई. एक सीए. बाणेरचा तिशीतला एक तरुण. आणि याच कंपनीत अकरा वर्षं काढून बाहेर पडलेला एक माजी कर्मचारी. दर दुसऱ्या शनिवारी काकांच्या हॉलमध्ये बैठक, एरवी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पाचांचे मिळून शेअर एक टक्काही भरत नव्हते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावरून ठरलं.

अडचण कुठे होती

वरवर पाहता तक्रार साधी होती: सलग तीन तिमाही उत्पन्न घटलं आणि का घटलं ते कंपनी सांगेना. निकालासोबत दीड पानाचं पत्रक यायचं. त्यात व्यवस्थापकीय संचालकांचा फोटो आणि ‘दीर्घकालीन दृष्टी’ हे शब्द. विश्लेषकांसाठी किंवा गुंतवणूकदारांसाठी कॉल घ्यायची पद्धतच नव्हती. ते बेकायदा नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांनी कॉल घेण्याची सक्ती केलेली नाही. घेतला तर त्याचं ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन ठरलेल्या मुदतीत जाहीर करावं लागतं, एवढंच. ई-मेल पाठवला तर ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ हे एकच वाक्य परत यायचं. काकांनी त्या वाक्याच्या सहा प्रती छापून फाइलला लावल्या होत्या.

ऑगस्टमध्ये मुख्य वित्तीय अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. असा राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत त्याचं पत्र शेअर बाजाराला द्यावं लागतं, तसं ते दिलं गेलं. कारण: वैयक्तिक. त्याच सुमारास प्रकल्पांची अंमलबजावणी पाहणारे प्रमुखही गेले.

खरी ठिणगी मात्र गौरी जेवणाच्या दिवशी पडली. काकांची पुतणी त्या कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. पानं वाढून झाल्यावर काकांनी सवयीने विचारलं, ‘काय म्हणते कंपनी?’ ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘काका, तू नको ना विचारूस. आमच्याकडून सही करून घेतलीये. घरीसुद्धा बोलायचं नाही.’

प्रकरण असं होतं. जूनमध्ये कंपनीने नऊ पानांचं संवाद धोरण आणलं होतं. बाहेरच्या कुणाशीही, ‘कुटुंबीयांसह’, कंपनीच्या कामकाजाबद्दल बोलायचं नाही. अंतर्गत चॅटवर पगारवाढ आणि प्रकल्पांबद्दल प्रश्न विचारले जायचे तो चॅनल बंद. दर महिन्याच्या सर्वांच्या बैठकीतले प्रश्न आधी एचआरकडे लेखी द्यायचे, त्यातले कोणते घ्यायचे ते एचआर ठरवणार. ‘कोणत्याही बाह्य प्राधिकरणाशी’ संपर्क करण्याआधी लेखी परवानगी. आणि नोकरी सोडणाऱ्यानेही यावर सही करायची, पुढच्या दोन वर्षांसाठी.

कंपनीची बाजू सांगायलाच हवी. आधीच्या वर्षी एका कर्मचाऱ्याने समाजमाध्यमावर उत्साहाच्या भरात एका ग्राहकाचं नाव आणि त्याच्या यंत्रणेतली अडचण लिहून टाकली होती. ग्राहकाच्या वकिलाचं पत्र आलं. धोरण त्या भीतीतून जन्मलं. ग्राहकाची गुपितं सांभाळायला दोन पानं पुरली असती. उरलेली सात पानं कुणाला कशाला हवी होती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पहिला प्रयत्न

गटाचा पहिला प्रयत्न सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेसाठीचा. अकरा पानांचं पत्र, त्रेचाळीस प्रश्न. मी ते नंतर वाचलं. इंग्रजी उत्तम, शुद्धलेखन निर्दोष. त्यात कँटीनच्या कंत्राटापासून व्यवस्थापकीय संचालकांच्या परदेश दौऱ्यांपर्यंत सगळं होतं. नवव्या पानावर ‘ही भागधारकांची उघड फसवणूक आहे’ असं वाक्य होतं. प्रश्न क्रमांक एकतीस खरोखर महत्त्वाचा होता. पण एकतिसाव्या प्रश्नापर्यंत पोहोचतो कोण?

सभा व्हिडिओवर झाली. बोलण्यासाठी आधी नोंदणी, प्रत्येकाला दोन मिनिटं. काकांनी प्रस्तावनेतच दीड मिनिट घालवलं. मायक्रोफोन बंद झाला तेव्हा ते कंपनीच्या स्थापनेच्या काळातल्या मूल्यांविषयी बोलत होते. अध्यक्ष म्हणाले, ‘प्रश्न लेखी आले आहेत, त्यांची दखल घेऊ.’ सभा पन्नास मिनिटांत आटोपली.

पुष्कळ नंतर, एका लग्नात, त्या कंपनीच्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी मला सांगितलं की ‘फसवणूक’ हा शब्द दिसताच पत्र थेट वकिलाकडे गेलं होतं. वकील अशा वेळी एकच सल्ला देतो, उत्तर देऊ नका. म्हणजे ज्या शब्दाने काकांना वाटलं की आपण नेमकं बोट ठेवलं, त्याच शब्दाने दार बंद झालं.

समोरचे पर्याय

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बैठका पर्याय चाळण्यात गेल्या. सीएंनी टिपणं ठेवली होती, म्हणून हे नीट सांगता येतं.

शेअर विकून मोकळं व्हायचं, हा सर्वांत सोपा मार्ग. बाणेरचा तरुण पहिल्यापासून याच मताचा. ‘कंपनी म्हणजे काय नातेवाईक आहे का?’ हे त्याचं वाक्य. काकांना ते लागलं, पण चूक नव्हतं.

स्कोअर्स, म्हणजे सेबीची तक्रार यंत्रणा. तिथे तक्रार गेली की कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ‘व्यवस्थापन वाईट आहे’ ही तिथे तक्रार ठरत नाही. नियमाचं ठोस उल्लंघन दाखवावं लागतं. ते एक सापडलं: वेबसाइटवर दिलेला गुंतवणूकदार तक्रारींचा ई-मेल पत्ता चालतच नव्हता. तक्रार केली, पत्ता दुरुस्त झाला. नव्या पत्त्यावरून उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

असाधारण सभेची, म्हणजे वार्षिक सभेची वाट न बघता मध्येच बोलावायच्या सभेची, मागणी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०० प्रमाणे त्याला मताधिकार असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो. यांच्याकडे एक टक्काही नाही. समजा जमवला, तरी संचालकाला काढायचा कलम १६९ चा ठराव साध्या बहुमताचा, आणि साधं बहुमत प्रवर्तकांच्या खिशात.

लहान भागधारकांचा संचालक, कलम १५१. प्राध्यापक बाईंना ही कल्पना फार आवडली होती. लहान भागधारक म्हणजे ज्याच्या शेअरचं दर्शनी मूल्य २०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही तो. बाजारभाव धरायचा नाही, दर्शनी मूल्य, म्हणजे शेअरची कागदावरची मूळ किंमत, धरायचं. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरला ही मर्यादा २,००० शेअर. अशा एक हजार जणांची, किंवा एकूण लहान भागधारकांच्या दहाव्या हिश्श्याची, यातला जो आकडा लहान असेल तितक्यांची मागणी हवी. बाईंनी माजी विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवातही केली. साठ सह्यांवर गाडी अडकली. लोकांना शेअर होते, राग होता, पण सही करायची म्हटली की ‘मुलगा तिथेच कामाला आहे हो’ असं उत्तर यायचं. पुण्यातल्या कंपनीविरुद्ध पुण्यात सह्या गोळा करण्याची ही अडचण आधी कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

वर्तमानपत्रांकडे जायचं का, यावर एक पूर्ण शनिवार गेला. नाही म्हणून ठरलं. काकांनी बँकेत असताना एका अफवेमुळे शाखेबाहेर लागलेली रांग पाहिली होती.

शुक्रवारचा स्क्रीनशॉट

आता जानेवारीतली ती रात्र. डिसेंबर तिमाही संपलेली, निकाल फेब्रुवारीत यायचे होते. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माजी कर्मचाऱ्याने ग्रुपवर एक चित्र टाकलं. कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला पाठवलेला अंतर्गत मेल. सर्वांत मोठा ग्राहक मार्चनंतर कराराचं नूतनीकरण करणार नव्हता.

पाचही जणांनी ते पाहिलं. सीएंनी पाहिलं आणि मला फोन केला.

मी पहिला प्रश्न विचारला, आज कुणी शेअर विकले का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. बाणेरच्या तरुणाने विकले होते. सगळेच. दुपारी पावणेबाराला.

इनसायडर ट्रेडिंग हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, तो संचालकांचा आणि मोठ्या लोकांचा गुन्हा. सेबीच्या २०१५ च्या नियमांत ‘इनसायडर’ची व्याख्या तशी नाही. भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ज्याच्याकडे आहे तो इनसायडर, मग तो पदावर असो वा नसो. ती मिळवणंही मना, पुढे देणंही मना, ती हातात असताना व्यवहार करणंही मना. दंडाचं कलम सेबी कायद्यातलं १५-जी (15G): किमान १० लाख रुपये, आणि वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. २०१७ मध्ये कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून ‘ग्रुपवर आलं होतं’ हे कुणाचं संरक्षण ठरेल असं मी अशिलांना सांगत नाही.

तरुणाच्या बाबतीत वेळच सगळं होती. विक्री पावणेबाराची, मेसेज सहा दहाचा, बाजार साडेतीनला बंद झालेला. कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी व्यवहाराची नोंद) आणि फोन दोन्ही जपून ठेव, काही पुसू नकोस, असं सांगितलं. पुढचे तीन-चार महिने तो मला दर आठवड्याला विचारायचा, ‘मॅडम, काही होणार नाही ना?’ काही झालं नाही. पण त्याला झोप लागत नव्हती हे खरं.

बाकीच्या चौघांना सांगितलं: चित्र कुठेही पाठवायचं नाही, कुणाला तोंडी सांगायचं नाही, आणि माहिती जाहीर होईपर्यंत एकही शेअर घ्यायचा-विकायचा नाही. सीए आणि बाईंनी लगेच मान डोलावली. काकांना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. जे वर्षभर विचारत होतो ते अखेर कळलं, आणि आता ते माहीत नसल्यासारखं वागायचं.

सर्वांत जास्त भरडला गेला तो माजी कर्मचारी. त्याने पुनावळ्यात फ्लॅट घेतला होता. फेब्रुवारीच्या हप्त्यासाठी ईसॉपचे शेअर विकायचे, हे त्याचं महिनाभर आधी ठरलेलं होतं. बिल्डरचं पत्रही होतं त्याच्याकडे. ‘मी तर विकणारच होतो, मेल नसता आला तरी,’ असं तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. मला पटत होतं. पण मनात आधीपासून होतं हे पुढे सिद्ध करायला लागलं तर काय दाखवायचं? त्याने विकले नाहीत. सासऱ्यांकडून पैसे घेतले.

आणखी एक निर्णय त्या रात्री घ्यायचा होता. हे कंपनीला किंवा सेबीला कळवायचं का? कळवलं तर मेल पाठवणाऱ्याचं नाव येणार. नाही कळवलं तर आपण गळतीचा भाग होऊन गप्प बसलो, असं होणार. आम्ही गप्प बसलो. मी तसाच सल्ला दिला, आणि तो बरोबर होता का हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

फेब्रुवारीत निकाल आले. टिपांमध्ये एक ओळ होती: एका प्रमुख ग्राहकाकडील कामाचं प्रमाण पुढील वर्षी कमी होण्याची शक्यता. शेअर कोसळला. करार जाण्याची बातमी आधीच का दिली नाही, यावर कंपनीची भूमिका अशी की करार ‘रद्द’ झालेला नाही, त्याचं नूतनीकरण झालं नाही. नियमात करार संपुष्टात येणं असा उल्लेख आहे, आणि एखादी घटना महत्त्वाची ठरवायला उलाढालीच्या किंवा निव्वळ मालमत्तेच्या दोन टक्क्यांसारख्या मोजपट्ट्याही आहेत. नूतनीकरण न होणं त्यात बसतं की नाही, यावर दोन वकील तीन मतं देतील. मोजपट्टीचं म्हणाल तर हा ग्राहक तिच्या कितीतरी पुढे होता.

दुसरं पत्र

मार्चमध्ये मी औपचारिकपणे गटाचं काम हातात घेतलं. फी ठरली, काकांनी ती घासाघीस करून कमी करून घेतली.

सर्वांत आधी मागण्या छाटल्या. व्यवस्थापकीय संचालकांना हटवा, हे काढलं. मनात असलेलं सगळं काढलं आणि जे कंपनीच्या स्वतःच्या कागदांत दिसतं तेवढंच ठेवलं. इथे सीएंचं काम मोलाचं ठरलं. २०१४ च्या नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला वार्षिक अहवालात कायम कर्मचाऱ्यांची संख्या आणि मध्यम वेतनातली वाढ द्यावी लागते. संचालकांच्या मानधनाच्या परिशिष्टात, बारीक टाइपात. सहसा ते कुणी वाचत नाही. सीएंनी तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले. दर पाच माणसांमागे जवळपास एक माणूस कमी झाला होता. त्याच तीन वर्षांच्या अध्यक्षीय पत्रांत ‘मनुष्यबळात वाढती गुंतवणूक’ होती. ग्राहक जाण्याची चाहूल तिथेच होती, उजेडात, जाहीर. वर्षभर आम्ही पुतणीकडे, माजी सहकाऱ्यांकडे कान लावून बसलो होतो आणि आकडा कपाटातल्या अहवालात होता. पत्रात अहवालाच्या पान क्रमांकासह तो दिला.

दुसरा मुद्दा संवाद धोरणाचा. आपण भागधारक, कर्मचाऱ्यांच्या धोरणाशी आपला काय संबंध, असं बाईंनी विचारलं. वाजवी शंका होती. संबंध असा. इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत २०१९ साली माहिती देणाऱ्यांविषयीचं प्रकरण घातलं गेलं. नियमभंगाची माहिती सेबीला देण्यापासून कर्मचाऱ्याला रोखणारं करारातलं कलम तेवढ्यापुरतं निरर्थक ठरतं. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा हवी, आणि गरजेच्या वेळी संचालक मंडळाच्या ऑडिट समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता आलं पाहिजे. ‘कोणत्याही बाह्य प्राधिकरणाशी’ लेखी परवानगीशिवाय बोलायचं नाही, हे कलम या दोन्हींच्या आड येत होतं. म्हणजे कंपनी स्वतःवर कायदेशीर जोखीम ओढवून घेत होती, आणि ती जोखीम भागधारकांचीच. धोरणाची प्रत कुठून आणायची हा प्रश्न नव्हता. माजी कर्मचाऱ्याने स्वतः सही केलेली प्रत त्याच्याकडे होती. पुतणीकडून काही घ्यायचं नाही, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

तिसरा मुद्दा साधा: वर्षातून किमान दोनदा सर्वांसाठी खुला कॉल घ्या.

पत्र सव्वा पान. पाठवलं कुणाला, हे मजकुराइतकंच महत्त्वाचं होतं. गुंतवणूकदार विभागाला नाही. सेबीच्या नियमांनुसार ऑडिट समिती आणि भागधारक संबंध समिती यांच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेला हजर राहून भागधारकांच्या शंकांना उत्तर द्यायचं असतं. पत्र त्या दोघांच्या नावे, कंपनी सेक्रेटरींमार्फत, स्पीड पोस्टने. शेवटची ओळ: ‘आपण सभेला उपस्थित राहणार आहात, तेव्हा या तीन मुद्द्यांवर आपलं म्हणणं ऐकायला आवडेल.’

काकांना हे पत्र मिळमिळीत वाटलं. ‘यात राग कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. पाच दिवस सही केली नाही. मग केली.

सभा आणि मतदान

त्या वर्षीच्या सभेत भागधारक संबंध समितीच्या अध्यक्षांचीच स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी संबंध नसलेले, संचालक म्हणून दुसऱ्या कारकिर्दीसाठी नेमणूक होती. तिला विशेष ठराव लागतो: विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. प्रवर्तक निम्म्याहून थोडे जास्त असले, तरी बाकी सगळे विरोधात गेले तर इथे त्यांचं एकट्याचं चालत नाही. बाकी सगळे विरोधात जात नाहीत, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण मतदानाचा निकाल दोन कामकाजाच्या दिवसांत जाहीर करावा लागतो आणि त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर जनता असे वेगवेगळे रकाने असतात. तो तिसरा रकाना आम्हाला हवा होता.

ज्यांनी वर्षभरापूर्वी सही नाकारली होती, त्यांना आता ई-व्होटिंग कसं करायचं ते बाईंनी समजावलं. कुणाचं मत कुठे गेलं हे त्या जाहीर निकालात दिसत नाही, एवढं कळल्यावर पुष्कळ जण तयार झाले.

सभेत काकांनी दोन मिनिटांत तीन मुद्दे मांडले. मी घड्याळ लावून त्यांच्याकडून चार वेळा तालीम करून घेतली होती. ऑडिट समितीच्या अध्यक्ष बाईंनी उत्तर दिलं, आणि पहिल्यांदाच उत्तरात ‘दृष्टी’ हा शब्द नव्हता. कर्मचारी संख्येतली घट त्यांनी मान्य केली. धोरणातलं ‘ते’ कलम कायदेशीर सल्ल्यासाठी दिल्याचं सांगितलं.

ठराव मंजूर झाला. किरकोळ भागधारकांच्या रकान्यात मात्र पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक विरोधी होती, आणि संस्थांच्या रकान्यातही थोडी.

काय झालं

पुन्हा नेमले गेलेले ते संचालक आठवड्याभरात काकांना स्वतःहून फोन करून भेटायला आले. टिळक रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसात दीड तास. विरोधी मत मला नव्हतं, पदाला होतं, हे मी समजतो, असं ते म्हणाले. काकांनी त्यांना चहा स्वतः करून दिला.

नोव्हेंबरात कंपनीचा पहिला खुला कॉल झाला. व्यवस्थापकीय संचालक अवघडलेले होते, काही उत्तरं टाळली, पण दोन ग्राहकांवरचं अवलंबित्व आकड्यात सांगितलं. संवाद धोरण नऊ पानांचं चार पानांवर आलं. ‘कुटुंबीयांसह’ गेलं, प्राधिकरणांचं कलम बदललं, सेबी आणि ऑडिट समिती यांना वगळल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. बंद केलेला चॅनल परत आला नाही. सर्वांच्या बैठकीतले प्रश्न अजून एचआरच निवडतं.

शेअरचा भाव दीड वर्षात जुन्या पातळीला पोहोचला नाही. माजी कर्मचाऱ्याचं जे नुकसान झालं ते झालंच. व्यवस्थापकीय संचालक तेच आहेत.

पुढच्या गौरी जेवणाला पुतणी म्हणाली, की कॉलचं ध्वनिमुद्रण आलं की त्यांच्या मजल्यावर दुपारच्या डब्याच्या वेळी सगळे हेडफोन लावून ते ऐकतात. ‘आमच्या कंपनीत काय चाललंय ते आम्हाला तिथेच कळतं, काका.’

पुन्हा करायचं झालं तर

वार्षिक अहवालातलं ते परिशिष्ट पहिल्या शनिवारी उघडायला हवं होतं. एक वर्ष वाचलं असतं. पहिल्या पत्रात आरोप नको होता, आणि ते विभागाला पाठवायलाच नको होतं.

गटात माजी कर्मचारी आहे म्हटल्यावर ग्रुपवर पहिल्याच दिवशी एक नियम लिहायला हवा होता: आतलं काहीही इथे टाकायचं नाही, चुकून हाती आलं तरी नाही. आता मी अशा प्रत्येक गटाला आधी हे विचारते. त्या माणसाच्या हेतूत खोट नव्हती. त्याला वाटलं, आपण आपल्या लोकांना मदत करतोय. पण ज्या कंपनीत सरळ विचारता येत नाही तिथली माहिती अशीच चोरवाटेने बाहेर येते, आणि ती ज्याच्या फोनवर पडते त्याचे हात बांधले जातात.

कंपनीकडून बघितलं तर एक गोष्ट फार लवकर करता आली असती. ग्राहकाची गुपितं एका कागदावर आणि बाकीचं बोलणं मोकळं, अशी विभागणी. त्यासाठी मतदानाच्या रकान्यांची वाट बघायची गरज नव्हती.

माझ्या त्या रात्रीच्या सल्ल्याबद्दल मी वर लिहिलंच आहे. अप्रकाशित माहिती फुटली तर कंपनीला चौकशी करावी लागते, तशी तिने एप्रिलमध्ये सुरू केल्याचं नंतर कळलं. जूनमध्ये प्रकल्प विभागातला एक जण नोकरी सोडून गेला. मेल पाठवणारा तोच होता का, हे माजी कर्मचाऱ्याला ठाऊक असावं. आम्ही त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.